कासच्या सड्यावरची पुसट फुले : एका हौशी छायाचित्रकाराचे प्रकरण

सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावरून परतणाऱ्या हौशी छायाचित्रकारांची एक तक्रार ठरलेली असते. दूरचे डोंगर स्वच्छ आलेले असतात, पायाशी असलेला जांभा खडक स्वच्छ आलेला असतो. मात्र ज्यांच्यासाठी एवढी यातायात केली, ती फुलेच पुसट आलेली असतात. या तक्रारीवर मिळणारे उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलेच असते, आणि ते खरेदीचे असते: अधिक जड ट्रायपॉड घ्यावा, अधिक चांगली लेन्स घ्यावी. येथे मांडलेल्या प्रकरणात हे उत्तर चुकीचे कसे ठरले, ते चुकीचे आहे हे कोणत्या पुराव्यावरून कळले आणि त्यानंतर कॅमेऱ्याची मांडणी कोणत्या क्रमाने बदलली, याचा तपशील दिला आहे.

प्रकरणातील व्यक्ती साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतात. त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही. पुढे त्यांचा उल्लेख केवळ ‘बाई’ असा केला आहे. त्यांच्याकडे २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी आकाराच्या (पूर्ण फिल्म-चौकटीहून लहान) सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागाचा, कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८–५५ मिलिमीटरची (हा आकडा जेवढा मोठा, तेवढे दृश्य जवळ दिसते) किट लेन्स, नंतर घेतलेली ५५–२५० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स, एक हलका ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आणि वर्तुळाकार पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) एवढे साहित्य होते. निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणाचे पाठ्यपुस्तकी नियम त्यांना पाठ होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे पाळले होते. हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण येथील दोष निष्काळजीपणातून उद्भवलेला नाही. तो नियम पाळल्यामुळे उद्भवला.

पहिल्या फेरीतील चौकटी

पहिल्या फेरीत आकाश पूर्ण ढगाळ होते आणि पश्चिमेकडून मध्यम वारा वाहत होता. कॅमेरा ट्रायपॉडवर होता. आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती प्रतिसाद देतो याचा आकडा) १०० ठेवला होता, कारण कमी आयएसओला चित्रात दाणे येत नाहीत. ॲपर्चर (लेन्समधील छिद्र; एफ/ नंतरचा आकडा जेवढा मोठा, तेवढे छिद्र लहान) एफ/११ होते, कारण निसर्गदृश्यात जवळच्या फुलापासून दूरच्या डोंगरापर्यंत सर्व काही स्पष्ट यावे असा संकेत आहे. ओल्या पानांवरची चमक मारण्यासाठी पोलरायझर चढवला होता. शटर दाबताना हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला होता. कोणत्याही प्राथमिक वर्गात या मांडणीला शाबासकी मिळाली असती.

घरी संगणकावर चित्रे मोठी करून पाहिल्यावर तेरड्याचे गुलाबी ताटवे रंगीत धुरासारखे दिसू लागले. बाईंनी ही चित्रे परिचितांना दाखवली. एकाने ट्रायपॉडच्या पायांना दोष दिला, दुसऱ्याने किट लेन्सला. कार्बन फायबरच्या ट्रायपॉडची चौकशी सुरू झाली आणि त्यासाठी रक्कम बाजूलाही काढली गेली. चित्रे प्रस्तुत लेखकाकडे आली ती या टप्प्यावर; खरेदी योग्य आहे का, एवढाच प्रश्न विचारण्यात आला होता.

अशा प्रश्नाचे उत्तर चित्राकडे ‘छान’ किंवा ‘वाईट’ या नजरेने पाहून मिळत नाही. संगणकावर चित्र शंभर टक्के आकारात उघडावे लागते, म्हणजे सेन्सरचा एक बिंदू पडद्याच्या एका बिंदूवर यावा लागतो, आणि शेजारी कॅमेऱ्याने त्या चौकटीसोबत साठवलेली माहिती ठेवावी लागते. एका चौकटीत डाव्या कोपऱ्यात जांभ्याचा एक उघडा दगड होता आणि त्याला चिकटूनच तेरड्याची रोपे होती. दगडावरच्या दगडफुलाच्या कडा कोरल्यासारख्या स्पष्ट होत्या. त्याच अंतरावरची, त्याच क्षणी टिपलेली फुले मात्र एका दिशेने ओढल्यासारखी पसरली होती. कॅमेरा हलला असता तर दगडही पसरला असता. फोकस चुकला असता तर दगड आणि फूल दोन्ही सारखेच मऊ दिसले असते आणि पसरट रेषांऐवजी गोलसर धूसरपणा आला असता. लेन्स कमअस्सल असती तर दगडावरचा तपशील मिळालाच नसता. ट्रायपॉड आणि लेन्स या दोघांनाही या एका कोपऱ्याने निर्दोष ठरवले. हलले होते ते फूल, आणि शटर १/१० सेकंद उघडे होते.

नवशिक्यांना छायाचित्रणातील कोणतीही एकच सवय सुचवायची झाली, तर प्रस्तुत लेखक हीच सुचवेल: एकाच चौकटीत स्थिर आणि हलती वस्तू शोधून त्यांची तुलना करणे. बिघाडाचे निदान करण्याचे याहून स्वस्त साधन नाही.

सड्याचा स्वभाव

फुले तेथे एवढी का हलतात, याचे उत्तर बाईंनी स्वतःच दिले, आणि ते छायाचित्रकाराचे नव्हे तर भूगोलाच्या शिक्षिकेचे उत्तर होते. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर असलेले कास हे बेसाल्टवर जांभ्याचे कवच असलेले पठार आहे. सह्याद्रीत अशा जागेला सडा म्हणतात. या कवचावर मातीचा थर अगदी पातळ असतो. मोठी झाडे तेथे मूळ धरू शकत नाहीत. पावसाळ्यात साचलेल्या ओलीवर जी रोपे उगवतात ती बुटकी, अल्पायुषी आणि बहुतेक नाजूक देठांची असतात. गेंदाच्या पांढऱ्या गोळ्या दोऱ्यासारख्या देठांवर उभ्या असतात. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती तर पाण्याने निथळणाऱ्या मातीतून काडीएवढा देठ वर काढते. पश्चिमेकडून कोयनेच्या खोऱ्यावरून चढून येणाऱ्या वाऱ्याला अडवणारे झाड सड्यावर जवळपास नसते. ज्या कारणामुळे कासला फुलांचा गालिचा पसरतो, त्याच कारणामुळे तो गालिचा क्षणभरही स्थिर राहत नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. ही मान्यता देताना मोलाचे ठरलेले वैशिष्ट्य आणि आपल्या प्रश्नाचे मूळ एकाच पातळ मातीत आहे.

हलण्याचा हिशोब

किती हालचाल म्हणजे किती पुसटपणा, याचा हिशोब शाळेच्या गणिताने करता येतो, आणि तो बाईंसोबत कागदावर मांडला. वाऱ्यात डुलणारे फूल सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने सरकते असे धरू. हा वेग फार नाही, मंद झुळकीतही तो गाठला जातो. फूल कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि लेन्स १८ मिलिमीटरला आहे. अशा वेळी सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ आकाराच्या सुमारे ०.०१८ पट असते. १/१० सेकंदात फूल ५ मिलिमीटर सरकते, म्हणजे सेन्सरवर त्याची प्रतिमा ०.०९ मिलिमीटर सरकते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एका बिंदूची रुंदी सुमारे ०.००३९ मिलिमीटर असते. त्यामुळे फुलाची कड २३ बिंदूंवर पसरते. १/३० सेकंदाला हा पसारा जवळपास ८ बिंदूंचा होतो आणि १/२५० सेकंदाला एका बिंदूच्या आत येतो.

या हिशोबातून एक गोष्ट निघाली जी बाईंना अनपेक्षित होती. पुसटपणा लेन्सच्या मिलिमीटरवर थेट अवलंबून नसतो. फूल चौकटीत किती मोठे दिसते यावर तो अवलंबून असतो. १ मीटरवरून १८ मिलिमीटरने घेतलेले फूल आणि १० मीटरवरून २०० मिलिमीटरने घेतलेले फूल सेन्सरवर जवळपास सारख्याच आकाराचे पडते, म्हणून त्याच वाऱ्यात दोन्हीचा पुसटपणाही सारखाच येतो. उलट तेच १ मीटरवरचे फूल ५५ मिलिमीटरने घेतले, तर प्रतिमा तिप्पट मोठी होते आणि शटरही तिप्पट वेगवान लागते. टेलिफोटोला वेगवान शटर लागते हा जो नियम सांगितला जातो, तो हाताच्या थरथरीसाठी आहे. फुलाच्या डुलण्याला तो लागू नाही.

ट्रायपॉडबद्दलचा गैरसमजही येथेच सुटतो. ट्रायपॉड कॅमेरा धरून ठेवतो. फूल धरून ठेवण्याचे साधन बाजारात मिळते आणि काही जण देठ काडीला बांधण्याचाही सल्ला देतात, परंतु संरक्षित पठारावर रोपाला हात लावणे हा विचारच करण्याजोगा विषय नाही.

संकेत कोठून आला

एफ/११ ते एफ/१६, सर्वांत कमी आयएसओ आणि ट्रायपॉड, हे त्रिकूट निसर्गदृश्यांसाठी इतके रूढ झाले आहे की त्याचे मूळ कोणी विचारत नाही. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि इतरांनी जो गट स्थापन केला, त्याचे नावच ‘एफ/६४’ असे होते. त्यांचे कॅमेरे मोठ्या, सुट्या तावांच्या फिल्मचे असत. ८×१० इंची फिल्मवर ३०० मिलिमीटरची लेन्स ही साधारण लेन्स ठरते, आणि एवढ्या लांब लेन्सने जवळचा खडक व दूरचे शिखर दोन्ही स्पष्ट मिळवायचे तर ॲपर्चर अतिशय लहान करणे भागच असते. ग्रॅनाइटचे कडे वाऱ्याने हलत नाहीत. शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी त्यांचे काही बिघडत नाही.

एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरच्या लेन्सची गोष्ट निराळी आहे. एफ/८ ला फोकस २ मीटरवर ठेवला, तर सुमारे १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्वीकारार्ह स्पष्ट येते. एफ/११ ला तोच फोकस दीड मीटरवर ठेवावा लागतो आणि स्पष्टता ७५ सेंटिमीटरपासून सुरू होते. म्हणजे एफ/११ मुळे मिळणारा फायदा केवळ पंचवीस सेंटिमीटरचा असून त्याची किंमत निम्मा प्रकाश ही आहे. एफ/२२ पर्यंत जाणाऱ्यांची स्थिती आणखी वाईट होते, कारण लहान छिद्राच्या कडेवर प्रकाशाचे विवर्तन (कडेपाशी पसरणे) होऊन सगळे चित्रच, खडकासकट, थोडे मऊ पडते.

बाईंना हे पटण्यास वेळ लागला. आयएसओ वाढवणे म्हणजे चित्र बिघडवणे, ही समजूत त्यांच्या मनात पक्की होती, आणि ती त्यांचीच नव्हे. हौशी मंडळींमध्ये आयएसओ १०० ला जवळपास सोवळ्याचा दर्जा मिळालेला आहे.

गच्चीवरची तयारी

कासला पुन्हा जाण्यापूर्वी बाईंनी घराच्या गच्चीवर तुळशीच्या मंजिऱ्यांवर सराव केला. संध्याकाळच्या वाऱ्यात कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, फूल चौकटीत जेवढे कासला दिसते साधारण तेवढेच राहील अशा अंतरावरून, १/१५ पासून १/५०० पर्यंत एकेक पायरी (प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे म्हणजे एक पायरी) वाढवत त्याच मंजिरीच्या चौकटी घेतल्या. आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवला. प्रत्येक वेगाला एकच चौकट न घेता पाच-सहा सलग घेतल्या, कारण वारा सारखा वाहत नाही. देठ झुकून परत फिरताना दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो, आणि सलग चौकटींपैकी एखादी त्या थबकण्यावर पडते. १/६० ला पाच-सहांतील एखादीच चौकट वापरण्याजोगी निघाली. १/२५० ला बहुतेक सर्व निघाल्या. कागदावरचा हिशोब गच्चीवर पडताळून पाहिल्यामुळे सड्यावर गेल्यावर त्यावर विश्वास ठेवणे सोपे झाले. शिकवणाऱ्याने सांगितलेला आकडा आणि स्वतः पाहिलेला आकडा यांत फरक असतो, हे शिक्षिकेला सांगण्याची गरज नव्हती.

दुसरी फेरी

दुसरी फेरी आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दी टाळून झाली. कासला प्रवेश मर्यादित आणि शुल्क देऊन मिळतो, फिरण्याच्या वाटाही ठरलेल्या आहेत. त्यामुळे सूर्योदयाच्या सोनेरी प्रकाशाचा जो आग्रह सर्वत्र धरला जातो, तो येथे बाजूला ठेवावा लागतो. या आग्रहाचा फार विचार करू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सप्टेंबरमध्ये सूर्य बहुधा ढगांत असतो, आणि ढगांतून येणारा पसरलेला प्रकाश फुलांच्या रंगांना थेट उन्हापेक्षा अधिक मानवतो. सकाळी लवकर पोहोचण्याचा खरा लाभ वेगळा आहे: दुपारच्या मानाने सकाळी वारा सहसा कमी असतो.

मांडणीचा क्रम उलटा केला. पूर्वी आयएसओ आधी ठरत असे, मग ॲपर्चर, आणि शटरला जे उरेल ते मिळत असे. आता शटर आधी ठरले: १/२५०. मग ॲपर्चर एफ/८. उरलेले सर्व आयएसओवर सोडले. ढगाळ सकाळी आयएसओ १०० आणि एफ/११ ला शटर साधारण १/३० येते. पोलरायझर लावला की दीड पायरी प्रकाश जाऊन ते १/१० पर्यंत उतरते, आणि पहिल्या फेरीतला १/१० नेमका तेथून आला होता. पोलरायझर काढला, ॲपर्चर एफ/८ केले, तर १/६० मिळते. आयएसओ ४०० केला की १/२५०. तीन बदलांची बेरीज एवढीच आहे, आणि तिच्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

पोलरायझर काढण्याचा निर्णय मात्र सरळ नव्हता. ढगाळ हवेतही ओली पाने आकाशाचा पांढरा उजेड परत फेकतात आणि हिरवा रंग फिका पडतो; पोलरायझर ही चमक मारतो आणि पानांचा रंग उघडा करतो. बाईंनी दोन्ही प्रकारे चौकटी घेतल्या. पोलरायझरसह १/२५० राखण्यासाठी आयएसओ १००० ते १२५० लागला. वारा पडलेला असताना तो लावावा आणि वारा सुटला की काढावा, असा व्यवहार त्यांनी ठरवला; तेथील अनुभव पाहता तो योग्य आहे.

थोड्या वेळाने धुके आले आणि नवाच प्रश्न उभा राहिला. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरच्या दृश्याला मध्यम करड्या छटेवर आणण्याचा प्रयत्न करतो. चौकटीचा अर्धा भाग पांढऱ्या धुक्याचा असला तर तो त्या पांढऱ्यालाही करडा करतो, आणि फुले अंधारून येतात. पहिल्या फेरीतील धुक्याची सर्व चित्रे अशी मळकी आली होती. तेव्हा बाईंनी हवेलाच दोष दिला होता. उपाय सोपा आहे: एक्स्पोजर एक पायरी वाढवायचे आणि हिस्टोग्रामचा (चित्रातील गडद-उजळ बिंदूंचे प्रमाण दाखवणाऱ्या आलेखाचा) डोंगर उजवीकडे सरकला तरी भिंतीला टेकत नाही एवढे पाहायचे. ही पायरीही कोठून तरी आणावी लागते, धुक्याने मुळातच प्रकाश कमी केलेला असतो, आणि आयएसओ ४०० चे १६०० होतात. कमी प्रकाशात घेतलेली गडद चौकट नंतर संगणकावर उजळवण्याचा मार्ग दाण्यांपासून वाचवत नाही. गडद भागातले दाणे त्या वेळीही उघडे पडतातच.

हिस्टोग्राम पाहताना तेरड्याने आणखी एक धडा दिला. एकत्रित हिस्टोग्राम सुरक्षित दिसत असतानाही तांबड्या रंगाचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला टेकलेला होता. गडद गुलाबी फुलांत तांबडा रंग इतर दोघांच्या, म्हणजे हिरव्या-निळ्याच्या, बराच पुढे असतो. तो एकदा कापला गेला की पाकळ्यांवरच्या शिरा नाहीशा होतात आणि सपाट गुलाबी ठिपका उरतो. गुलाबी ताटव्यांसाठी अर्धी पायरी कमी, पांढऱ्या धुक्यासाठी एक पायरी अधिक, आणि दोन्ही एका चौकटीत असतील तर तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहून निर्णय, असा हा मामला आहे.

स्वयंचलित व्हाइट बॅलन्सही (प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग सुधारण्याची सोय) अशा ठिकाणी फसतो. संपूर्ण चौकट गुलाबी किंवा जांभळी असली, की कॅमेरा तो रंग प्रकाशाचा आहे असे समजून त्याला विरुद्ध दिशेने, म्हणजे हिरवटपणाकडे, ढकलतो. बाईंनी रॉ स्वरूपात (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) चित्रे घेतली आणि व्हाइट बॅलन्स ढगाळ हवेवर कायम ठेवला. त्यामुळे किमान सगळ्या चौकटींचे रंग एकमेकांशी जुळले आणि नंतरची दुरुस्ती एकदाच करावी लागली.

गालिचा कोठून दिसतो

पहिल्या फेरीतील चित्रांत आणखी एक उणीव होती, तिचा शटरशी काही संबंध नव्हता. गालिचा विरळ दिसत होता. फुलांच्या मध्ये माती आणि चिखल दिसत होता. प्रत्यक्षात पाहिलेली दाटी चित्रात आली नाही, असे बाईंचे म्हणणे होते. कारण ट्रायपॉडची उंची हे होते. दीड मीटर उंचीवरून ३ मीटर अंतरावर पाहिले तर नजरेचा उतार बराच तिरपा असतो, आणि १० सेंटिमीटर उंचीचे रोप आपल्या मागची फक्त २० सेंटिमीटर माती झाकते. कॅमेरा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणला तर तेच रोप मागची जवळपास १ मीटर माती झाकते. फुले तेवढीच असतात, मधल्या फटी मात्र नाहीशा होतात. कॅमेऱ्याचा पडदा बाहेर वळणारा असल्याने बाईंना वाटेच्या कडेवर बसूनच हे करता आले. गालिच्यात झोपून फोटो काढणाऱ्यांची जी दृश्ये दरवर्षी दिसतात, त्यांची छायाचित्रणाच्या दृष्टीनेही काही गरज नाही.

मात्र कॅमेरा खाली आला की पुढची फुले जवळ येतात, चौकटीत मोठी होतात, आणि वर दिलेल्या हिशोबाप्रमाणे शटर आणखी वेगवान लागते. पुढचे फूल ५० सेंटिमीटरवर आले तर एफ/८ ला ते स्पष्टतेच्या बाहेरही जाते. अशा वेळी फोकस बदलत अनेक चौकटी घेऊन त्या संगणकावर एकत्र करण्याची पद्धत सांगितली जाते. स्थिर खडकांसाठी ती उत्तम आहे. पण येथे प्रत्येक चौकटीत फूल नव्या जागी असते आणि जोडताना दुहेरी पाकळ्या दिसतात. बाईंनी प्रयत्न करून तो मार्ग सोडला आणि अर्धा मीटर मागे सरकल्या.

वाटेपासून दूर असलेले ताटवे टेलिफोटोने टिपले. पिवळ्या सोनकीचा एक पट्टा १० मीटरवर होता. २०० मिलिमीटर आणि एफ/८ ला तेथे स्पष्टतेची खोली जेमतेम ८० सेंटिमीटर मिळते. संपूर्ण ताटवा स्पष्ट येणार नाही हे आधीच ठाऊक असल्याने प्रश्न बदलला: कोणते ८० सेंटिमीटर? बाईंनी पट्ट्याच्या मध्याऐवजी त्याची पुढची कड निवडली, मागची फुले रंगाच्या पट्ट्यात विरघळू दिली, आणि माझ्या मते संपूर्ण संग्रहातील सर्वांत सुरेख चित्र ते आहे. येथे ट्रायपॉडचा खरा उपयोग झाला. कॅमेरा स्थिर राहिल्याने चौकट शांतपणे बांधता आली आणि वारा पडण्याची वाट पाहता आली. हाच तो जुना, हलका ट्रायपॉड. मऊ मातीत पाय रुतू नयेत म्हणून तो वाटेवरच उभा केला आणि मधल्या दांड्याला पाठपिशवी टांगली.

गेंदाने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. झुळूक असताना १/५०० लाही त्याचे गोळे पुसट येत राहिले.

ओलीपासून जपण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, लेन्सच्या पुढच्या काचेवर धुक्याचे थेंब बसतात आणि ते छोट्या पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून दर काही मिनिटांनी मऊ कापडाने काच पुसावी लागते. आणि घरी आल्यावर लेन्स पिशवीत तशीच ठेवली तर पावसाळ्यात तिच्या आत बुरशी धरते. बाईंनी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून साधनांची सोय केली.

छपाई

दुसऱ्या फेरीतील एक चौकट शाळेसाठी छापायची ठरली. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० × ४००० बिंदूंचे असते, म्हणजे इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात २० × १३ इंचांपर्यंत ते आरामात छापता येते. छपाईपूर्वी बाईंनी लहान आकारात दोन नमुने काढले: पहिल्या फेरीतील आयएसओ १०० ची चौकट, आणि दुसऱ्या फेरीतील धुक्याची आयएसओ १६०० ची चौकट. पडद्यावर शंभर टक्के आकारात दुसऱ्या चौकटीतले दाणे स्पष्ट दिसत होते. कागदावर ते हातभर अंतरावरून शोधूनही सापडत नव्हते. पहिल्या चौकटीतील पसरलेली फुले मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळत होती. २० इंची प्रत धुक्याचीच निघाली.

ट्रायपॉडसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून छपाई आणि फ्रेमचा खर्च भागला. उरलेल्या पैशांतून मॅक्रो लेन्स घ्यावी काय, हा बाईंचा पुढचा प्रश्न आहे, आणि ट्रायपॉडच्या प्रश्नापेक्षा तो अधिक रास्त आहे. सीतेच्या आसवांचे फूल जेमतेम सेंटिमीटरभर असते. किट लेन्स अगदी जवळ नेली तरी सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे ३ मिलिमीटरचीच पडते, आणि त्याच्या पाकळीची रचना त्यात दिसत नाही. मॅक्रो लेन्सने ती मूळ आकाराएवढी मिळेल. परंतु तोच हिशोब तेथे लावला तर सेकंदाला ५ सेंटिमीटर डुलणारे फूल १/२५० सेकंदात सेन्सरवर ०.२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५० बिंदू, सरकते. त्यामुळे लेन्स घेतली तरी फ्लॅश किंवा पूर्ण पडलेला वारा यांपैकी एक तरी हाताशी लागेल. फ्लॅशचा सराव बाईंनी सध्या गच्चीवरच्या तुळशीवर सुरू केला आहे. लेन्सचा निर्णय त्यानंतर होईल.